रुळांच्या आधी आणि रुळांच्या नंतर

श्रोतेहो,

शहरात हलक्या रेल्वेची, म्हणजे रस्त्यावरून धावणाऱ्या ट्रामची, नवी मार्गिका बांधायला घेतली, की थोड्याच दिवसांत एक आकडा सर्वांच्या तोंडी होतो. फलकांवर, बातम्यांत, लोकप्रतिनिधींच्या उत्तरांत तोच येत राहतो: काम इतके टक्के पूर्ण. हा आकडा खोटा असतोच असे नाही, पण ते टक्के कशाचे आहेत हे क्वचितच सांगितले जाते. खर्च झालेल्या पैशाचे असतील, तर गाड्यांचा मोठा हप्ता कारखान्याला दिला त्या महिन्यात, रस्त्यावर एकही रूळ नसताना, प्रकल्पाने मोठी मजल मारलेली दिसते. प्रत्यक्ष कामाचे असतील, तर निरनिराळ्या कामांना भार देऊन त्यांची बेरीज केलेली असते आणि तो भार बहुधा खर्चाच्या प्रमाणात ठरतो. खोदकाम, काँक्रीट आणि पोलाद महाग, म्हणून त्यांचा भार जास्त. सिग्नल जुळवणे, चालकांना शिकवणे आणि रिकाम्या गाड्या चालवून पाहणे तुलनेने स्वस्त, म्हणून त्यांचा भार कमी, मग या कामांना एक वर्ष का लागेना. नव्वदीपर्यंत भराभर चढलेला आकडा पुढे महिनोन्महिने जागचा का हलत नाही, याचे उत्तर या हिशेबात आहे.

आज मला मांडायचे आहे ते असे, की रस्त्याच्या पातळीवरून धावणाऱ्या या रेल्वेचे भवितव्य रूळ दिसू लागण्याआधी आणि रूळ पूर्ण बसल्यानंतर ठरते. ज्याला बांधकामाचा खरा मागोवा घ्यायचा आहे, त्याने डोळ्यांत भरणाऱ्या मधल्या टप्प्यापेक्षा या दोन टोकांकडे अधिक लक्ष द्यावे.

पहिले टोक जमिनीखाली आहे. उन्नत मेट्रोचा मार्ग ठरावीक अंतरावरच्या खांबांच्या पायापुरताच जमिनीशी संबंध ठेवतो. हलकी रेल्वे मात्र आपल्या संपूर्ण लांबीत रस्त्याच्या पोटात शिरते, आणि जुन्या शहरातल्या रस्त्याच्या पोटात काय काय आहे हे कोणत्याही एका नकाशावर सापडत नाही. जलवाहिन्या, मलनिःसारण वाहिन्या, गॅस, वीज, दूरध्वनी, तसेच बंद पडून विसरल्या गेलेल्या वाहिन्याही तिथे असतात. त्या हलवाव्या लागतात याची दोन कारणे आहेत. रुळांखालची वाहिनी फुटली, तर दुरुस्तीसाठी रूळ उखडावे लागतील आणि सेवा बंद ठेवावी लागेल, हे पहिले. दुसरे कारण विजेचे आहे. या गाड्या बहुधा 750 व्होल्टच्या एकदिश (डीसी) प्रवाहावर चालतात आणि तो प्रवाह रुळांमधून वीज उपकेंद्राकडे परततो. त्यातला काही भाग वाट सोडून जमिनीत झिरपला, तर तो जवळच्या धातूच्या नळांना वर्षानुवर्षे कुरतडत राहतो. म्हणून नळ दूर न्यायचे, आणि रुळांभोवती रबराचे वेष्टण घालून ते जमिनीपासून विलग ठेवायचे, असे दुहेरी काम करावे लागते.

स्कॉटलंडमधील एडिनबर्गचा अनुभव या संदर्भात प्रत्येक नगररचनाकाराने अभ्यासावा असा आहे. तेथे विमानतळापासून न्यूहेवनपर्यंतची ट्राम 54.5 कोटी पौंडांच्या चौकटीत बांधून 2011 मध्ये सुरू करण्याचे नियोजन होते. वाहिन्या हलवण्याचे काम आधी संपेल आणि मग रुळांचा कंत्राटदार मोकळ्या रस्त्यावर काम सुरू करील, अशी मांडणी होती. प्रत्यक्षात वाहिन्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाल्या, त्यांचे काम लांबले आणि रुळांचे काम सुरू होण्याची वेळ आली तरी रस्ता मोकळा झाला नव्हता. वाढीव खर्च कोणी सोसायचा यावरून वाद झाला, कामे थांबली आणि 2011 मध्ये मध्यस्थांपुढे बसून तोडगा काढावा लागला. 31 मे 2014 रोजी ट्राम धावली ती यॉर्क प्लेसपर्यंतच, सुमारे 14 किलोमीटर, आणि तोवर खर्च 77.6 कोटी पौंडांवर गेला होता. पुढे नेमलेल्या चौकशीचा अहवाल 2023 मध्ये प्रसिद्ध झाला.

यॉर्क प्लेसपासून न्यूहेवनपर्यंतचा राहिलेला तुकडा याच शहराने पुढे कसा पूर्ण केला, तेही पाहण्यासारखे आहे. रस्त्याचा एक भाग कामासाठी एकदाच ताब्यात घ्यायचा, वाहिन्या, पाया, रूळ आणि पदपथ ही सर्व कामे त्याच बंदमध्ये उरकायची आणि मगच तो मोकळा करायचा, अशी पद्धत या वेळी अवलंबली. वाटेत एका चर्चजवळ मध्ययुगीन काळातली शेकडो दफने सापडली. पुरातत्त्वज्ञांनी ती काळजीपूर्वक बाहेर काढली आणि तरीही 7 जून 2023 रोजी हा विस्तार 20.7 कोटी पौंडांच्या ठरलेल्या चौकटीत सुरू झाला. शहर तेच, माती तीच, आणि कामाची रीत बदलल्याने झालेला फरक एवढा मोठा.

सिडनीत 2015 मध्ये मध्यवर्ती भागातून जाणाऱ्या मार्गिकेचे काम सुरू झाले, तेव्हाही वाद जमिनीखालूनच वर आला. वीजवाहिन्यांची जमिनीखालची चेंबरे कशी हलवायची याबाबत आपल्याला करारापूर्वी पूर्ण कल्पना दिली नव्हती, असा कंत्राटदाराचा दावा होता. तो न्यायालयात गेला आणि 2019 मध्ये राज्य सरकारने सुमारे 57.6 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जादा मोजून तडजोड केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिली मार्गिका सुरू झाली. एवढी रक्कम ज्या माहितीअभावी गेली, ती माहिती खोदण्याआधीच्या सर्वेक्षणातून मिळवणे अशक्य होते असे मला वाटत नाही. फ्रान्समधील व्यवस्था या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. तेथे सार्वजनिक रस्त्याखाली वाहिनी टाकणारी संस्था त्या जागेची केवळ वापरकर्ती मानली जाते, त्यामुळे रस्त्याच्या हितासाठी ट्राम येणार असेल, तर वाहिनी हलवण्याचा खर्च सर्वसाधारणपणे तिलाच करावा लागतो. जबाबदारी कोणाची हे आधीच ठरलेले असल्याने वादाचे एक मोठे कारण मुळातच उरत नाही.

तेव्हा या टप्प्यात सामान्य नागरिकाने काय पाहावे? रस्त्यावर निरनिराळ्या रंगांनी केलेल्या खुणा पाहाव्यात, हाताने खणलेले चाचणीखड्डे पाहावेत, जुन्या झाकणांच्या जागा बदलून ती मार्गाच्या कडेला गेली आहेत का ते पाहावे. हे काम कंटाळवाणे दिसते, त्याची छायाचित्रे कोणी छापत नाही, पण याच महिन्यांत प्रकल्पाचे वेळापत्रक टिकते किंवा ढासळते. एकच तुकडा तिसऱ्यांदा खोदला जात असेल, तर प्रगती अहवालात काहीही लिहिलेले असो, कामांचा क्रम बिघडला आहे असे समजावे आणि तसा प्रश्न लेखी विचारावा. मार्गालगतच्या दुकानदारांचे या काळात होणारे नुकसान हे तर बांधकामाच्या वेळापत्रकाशी थेट जोडलेले आहे. फ्रान्समधील अनेक शहरांनी त्यांच्यासाठी सलोख्याने नुकसानभरपाई ठरवणाऱ्या समित्या नेमल्या. जिथे अशी तरतूद नाही, तिथे लांबणाऱ्या प्रत्येक महिन्याची किंमत ज्यांनी काहीही चुकवलेले नाही अशी माणसे भरत असतात, याचा विसर पडता कामा नये.

आता मधल्या टप्प्याविषयी थोडक्यात. काँक्रीटचा थर, त्यात बसवलेले खाचेचे रूळ, त्यांचे तापवून केलेले सांधे, कडेचे खांब आणि त्यांवरची तार ही कामे सरळ रस्त्यावर लवकर होतात आणि त्यामुळेच ती फसवी असतात. सरळ रस्त्यावर रोज किती मीटर रूळ पडले यापेक्षा चौकांतले, गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधेबदल आणि फाटे कधी बसले हे अधिक महत्त्वाचे, कारण त्यासाठी चौक बंद करावा लागतो आणि बंदची तारीख एकदा हुकली, की पुढची संधी लवकर येत नाही. रूळ दिसले म्हणजे ते स्वीकारण्याजोगे आहेत असेही नाही. एडिनबर्गच्या प्रिन्सेस स्ट्रीटवर 2009 मध्ये काम उरकून रस्ता खुला केला होता, पण रुळांलगतचा पृष्ठभाग खचू लागला आणि 2011 मध्ये तोच रस्ता पुन्हा बंद करून काम नव्याने करावे लागले. कॅनडातील टोरोंटोच्या एग्लिंटन मार्गिकेचे काम 2011 मध्ये सुरू झाले आणि ती 2020 मध्ये सुरू व्हायची होती, पण 2025 संपेपर्यंतही तिच्यावर प्रवासी बसले नव्हते. तिथल्या अनेक अडचणींपैकी एक अशी, की काही ठिकाणी दोन रुळांमधले अंतर ठरलेल्या मर्यादेत नव्हते आणि ते दुरुस्त करावे लागले. हा फरक रस्त्यावरून चालणाऱ्याच्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही. म्हणून गुणवत्ता तपासणीत नापास झालेल्या बाबींची यादी जाहीर करण्याची मागणी ही नागरिकांची रास्त मागणी आहे.

ज्या दोन ठिकाणी सहसा कोणी फिरकत नाही, तिथेही एकदा जाऊन यावे. आगार आणि वीज उपकेंद्रे ती ही ठिकाणे. आगार तयार नसेल तर गाड्या आणता येत नाहीत, गाड्या नसतील तर चाचणी होत नाही, आणि उपकेंद्रात वीज आली नसेल तर दोन्ही असून उपयोग नाही.

कराराची रचना हाही प्रगतीचाच भाग आहे, जरी ती रस्त्यावर दिसत नसली तरी. अमेरिकेत मेरीलँड राज्यातील पर्पल लाइनचे बांधकाम 2017 मध्ये सुरू झाले आणि 2020 मध्ये वाढीव खर्चाच्या वादातून मूळ बांधकाम कंत्राटदार काम सोडून गेले. नवा कंत्राटदार येऊन पूर्ण वेगाने काम सुरू व्हायला 2022 उजाडले, म्हणजे ज्या वर्षी प्रवासी बसायचे होते त्या वर्षी काम पुन्हा उभे राहिले. उलट फिनलंडमध्ये टॅम्पेरे आणि हेलसिंकी येथे शहर, अभियंते आणि बांधकाम कंपन्या यांनी एकाच करारात येऊन धोका आणि बचत दोन्ही वाटून घेतले. टॅम्पेरेची ट्राम ऑगस्ट 2021 मध्ये ठरल्याप्रमाणे सुरू झाली. हेलसिंकी आणि एस्पो यांना जोडणारी 25 किलोमीटरची 15 क्रमांकाची मार्गिका 2024 च्या उन्हाळ्यात अपेक्षित होती, ती 21 ऑक्टोबर 2023 रोजीच प्रवाशांसाठी खुली झाली. केवळ करारामुळे हे घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, परंतु जिथे अडचण लपवण्यात कोणाचाच फायदा नसतो तिथे ती लवकर टेबलावर येते, हे मला पटते.

आता दुसऱ्या टोकाकडे येतो. रूळ बसले, तार ओढली, फलाटांवर दिवे लागले, आणि लोकांना वाटते की आता उद्घाटन तेवढे राहिले. खरे पाहता इथून एक नवे काम सुरू होते. प्रथम गाडीच्या मापाचा साचा मार्गावरून ओढून नेतात आणि फलाट, खांब, फांद्या कुठे आडव्या येतात का ते पाहतात. मग तारेत वीज सोडली जाते, आणि पहिली गाडी माणसाच्या चालीने, सोबत चालणाऱ्या अभियंत्यांसह पुढे सरकते. त्यानंतर वेग वाढवून ब्रेक तपासायचे, प्रत्येक चौकातला सिग्नल गाडीला ओळखतो की नाही ते पाहायचे, चालकांना मार्गाची सवय करून द्यायची, आणि शेवटी पूर्ण वेळापत्रकानुसार रिकाम्या गाड्या सलग काही आठवडे चालवायच्या. पहिली गाडी मार्गावर दिसली त्या दिवसाचे छायाचित्र सर्वत्र झळकते. पण विश्वासार्हतेचा निवाडा या शेवटच्या आठवड्यांतच होतो.

कॅनडाची राजधानी ओटावा येथील कॉन्फेडरेशन लाइन याची साक्ष देते. 12.5 किलोमीटरची ही मार्गिका 2018 मध्ये सुरू व्हायची होती. 2016 मध्ये बोगद्याचे काम चालू असताना रिडो स्ट्रीटवर रस्ताच खचला, पुढे उशीर वाढत गेला आणि 14 सप्टेंबर 2019 रोजी ती सुरू झाली. त्याआधीच्या 12 दिवसांच्या चाचणीचे निकष चाचणी चालू असतानाच सैल करण्यात आले आणि निवडून आलेल्या नगर परिषदेला त्याची कल्पना दिली गेली नाही, असे 2022 च्या सार्वजनिक चौकशी अहवालातून स्पष्ट झाले. सुरुवातीच्या महिन्यांत दारे, ब्रेक आणि चाके यांच्या तक्रारी येत राहिल्या. 2021 च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरात गाड्या दोनदा रुळांवरून घसरल्या, आणि दुसऱ्या अपघातानंतर सेवा जवळजवळ दोन महिने बंद राहिली. ज्या लोकांनी बस सोडून या गाडीवर भिस्त ठेवली होती, त्यांच्या रोजच्या कामावर जाण्यायेण्याचा हा प्रश्न होता.

म्हणून माझी विनंती आहे, की बांधकामाची नोंद ठेवणाऱ्यांनी प्रत्येक प्रगती अहवालाची जुनी आवृत्ती जपून ठेवावी, कारण नवी आली की जुनी बहुधा नाहीशी होते आणि मुदत किती वेळा सरकली हे मग कोणालाच दाखवता येत नाही. आणि उद्घाटनाची तारीख जाहीर होईल तेव्हा तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: रिकाम्या गाड्यांच्या चाचणीत किती टक्के फेऱ्या वेळेवर झाल्या पाहिजेत हे कधी ठरले होते, ते ठरवल्यानंतर बदलले का, आणि बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे. उत्तरासोबत चाचणीच्या प्रत्येक दिवसाचे आकडे मागावेत, आणि ते उद्घाटनाच्या आधी मागावेत.