नातवाचा 'ळ'

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला जुना वाडा. आजी केळं सोलतेय आणि नातवाला दटावतेय, "केलं नाही रे बाळा, केळं!" शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, मग 'ळ' येणार कुठून? आजीच्या मते रक्तातच मराठी पातळ झालीय. (रोख सुनेच्या माहेराकडे आहे. सून ऐकून न ऐकल्यासारखं करते.)

रक्तात, म्हणजे जनुकात?

लंडनमधलं एक कुटुंब. संशोधक त्याला 'केई' एवढंच म्हणतात. तीन पिढ्या, आणि जवळपास निम्म्यांना बोलताना ओठ-जिभेच्या हालचाली एकापाठोपाठ जुळवता येत नाहीत. कान ठीक, जीभ लुळी नाही, तरी शब्द मोडून पडतो. २००१ साली सायमन फिशर, अँथनी मोनॅको आणि सहकाऱ्यांना कारण सापडलं: सातव्या गुणसूत्रावरच्या फॉक्सपी२ या जनुकात एका अक्षराची चूक. तीही आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एकीतच.

या जनुकाचं प्रथिन म्हणजे मुकादम. स्वतः वीट उचलत नाही. डीएनएला धरून बसतं आणि इतर जनुकांना सांगतं, तू कामाला लाग, तू थांब. केई कुटुंबातली चूक नेमकी डीएनए धरायच्या जागी आहे, म्हणून मुकादमाची पकडच सुटते. गर्भात मेंदू घडत असतानाच हे काम सुरू होतं: मेंदूच्या सालीत, लहान मेंदूत, आणि हालचाली अंगवळणी पाडणाऱ्या स्ट्रायटममध्ये.

वर्तमानपत्रांनी त्याला 'भाषेचं जनुक' म्हणून टाकलं. पण ते उंदरातही आहे, पाखरांतही.

झेब्रा फिंचचं नर पिल्लू बापाचं गाणं ऐकून घोकतं. २००७ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी पिल्लांच्या मेंदूतल्या गाणं शिकण्याच्या केंद्रात हे जनुक मंदावलं. पिल्लं गायली, पण काही तुकडे गळाले, काही बिघडले. गवई कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली जिथे गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या ग्वाल्हेरला हे नवं नाही. ऐकायचं, म्हणायचं, चुकायचं, पुन्हा म्हणायचं. ते घोटून घ्यायला मेंदूत जी जागा लागते, ती घडवण्यात या मुकादमाचा हात आहे.

नातवाच्या मुकादमाचं काही बिघडलेलं नाही. हिंदीत तो दिवसभर टकळी चालवतो. त्याच्या कानावर 'ळ' पडतो, तो फक्त आजीचा.

आजी केळं मागे लपवते. "काय आहे?"

"केल... केळं!"

अर्धं त्याला मिळतं. उरलेलं आजी सुनेपुढे धरते.