नॉन क्रीमी लेयरवरची खालची ओळ वाचा आधी! | दाखले, व्हॅलिडिटी आणि अ‍ॅडमिशनची पळापळ

नमस्कार मंडळी, आज परत दाखले. हो, परत. मागच्या व्हिडिओत मी एवढे खपून कटऑफ काढले, कुठलं कॉलेज कितीला लागलं, ब्रांच कशी बघायची, सगळं सांगितलं, आणि खाली कमेंटमध्ये काय? "ताई एनसीएल (म्हणजे नॉन क्रीमी लेयर) जानेवारीत काढलंय चालेल का", "ताई मागच्या वर्षीचं आहे चालेल का", "ताई पावती चालते ना". कटऑफबद्दल एक अक्षर नाही! मग म्हटलं ठीक आहे, बसूया आज याच विषयावर.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी पटकन. जातीचा दाखला म्हणजे कास्ट सर्टिफिकेट, तो प्रांत ऑफिसमधून मिळतो. त्याची पडताळणी झाली की जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपली व्हॅलिडिटी, ती पडताळणी समितीकडून. आणि तिसरं नॉन क्रीमी लेयर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचा दाखला, ते ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) यांना लागतं. एससी आणि एसटीला लागत नाही, नाही म्हणजे नाही, दरवर्षी कुणीतरी एससीचा मुलगा उगीच त्या रांगेत उभा असतो. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं, वेगळं, ते तहसीलदारांकडून. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. झालं. एवढं तर कुणीपण सांगेल.

आता मुद्द्याचं. तुमच्या घरी नॉन क्रीमी लेयर असेल तर व्हिडिओ पॉज करा, फाइल काढा, आणि ते प्रमाणपत्र खालच्या बाजूने वाचा. वरून नाही, खालून. तिथे एक ओळ असते, हे प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंत वैध राहील अशा अर्थाची, आणि ती तारीख कायम ३१ मार्च असते. साल बदलतं, पण ३१ मार्च ठरलेला. अ‍ॅडमिशनला तीच तारीख बघतात. दाखला कधी काढला ते राज्याच्या अ‍ॅडमिशनला कुणी विचारत नाही हो! औषधाची पट्टी घेतल्यावर आपण ती कधी बनवली ते बघतो की कधी संपते ते? मग इथेच का उलटं करता?

मागच्या वर्षीची गोष्ट सांगते, म्हणजे २०२५ चा जून. मी लातूरला असते हे तुम्हाला माहितीये, इथे नांदेड, परभणी, बीडकडची पोरं शिकायला येऊन राहतात. तशीच एक मुलगी, वडील गावाकडून आलेले, हातात प्लॅस्टिकची फाइल, सगळे कागद क्रमाने लावलेले, मला इतकं बरं वाटलं ती फाइल बघून. सीईटीचा पर्सेंटाइल चांगला, व्हॅलिडिटी हातात, आता काही अडणार नाही असं वाटलं. आणि नॉन क्रीमी लेयर उलटंपालटं करून बघते तर खाली ३१ मार्च २०२५. संपलेलं! काका म्हणतात, "ताई, जानेवारीत तर काढलंय, पाच महिनेपण झाले नाहीत." खरंच होतं त्यांचं, जानेवारीतच निघालं होतं. पण एका वर्षाच्या उत्पन्नावर काढलेलं, त्यामुळे चालू आर्थिक वर्षापुरतंच, आणि ते वर्ष मार्चला संपलं. त्यांना पाहिजे होतं ३१ मार्च २०२६ पर्यंतचं. मग काय, परत गाव, परत तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी असं नवीन नाव आहे, पण गावात अजून तलाठीच म्हणतात), परत उत्पन्नाचा दाखला, आणि तलाठी अप्पांकडे दुसऱ्या गावाचाही चार्ज, ते कुठल्या दिवशी कुठे असतील ते त्यांनाच ठाऊक. त्यातून निकाल लागल्यामुळे अख्खा तालुका सेतूत, म्हणजे दाखले काढायच्या केंद्रात. सर्व्हर डाऊन. मुलगी रूमवर बसून रडतीये, आणि वडील तिकडे झेरॉक्सच्या दुकानासमोर.

मिळालं त्यांना, शेवटी मिळालं वेळेत. पण ते पंधरा-वीस दिवस त्या पोरीने एकही कॉलेज नीट बघितलं नाही, ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम, शेवटच्या दिवशी घाईत भरला. याचा हिशेब कुणी करत नाही.

म्हणून नियम साधा ठेवा. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचाय, त्या वर्षाच्या शेवटचा ३१ मार्च तुमच्या कागदावर पाहिजे. समजा २०२६-२७ ला प्रवेश आहे, तर ३१ मार्च २०२७ किंवा त्याच्या पुढची तारीख. माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं असतं, पण माहितीपत्रक वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय.

आता हुशार लोक विचारतील की मग डिसेंबरमध्ये काढलं तर वायाच जाणार का. नाही. इथे दुसरी गोष्ट येते. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडला तर नॉन क्रीमी लेयर तीन वर्षांसाठी मिळतं, एका वर्षाचा जोडला तर एका वर्षासाठी. सेतूवाल्याला तुम्ही नुसतं "उत्पन्नाचा दाखला द्या" म्हटलं की तो एका वर्षाचा काढून मोकळा होतो, त्याचं काय जातंय. तुम्ही तोंड उघडून सांगायचं, तीन वर्षांचा काढा. तलाठ्याकडे जातानाच सांगायचं. एवढ्या एका वाक्याने इंजिनिअरिंगची पहिली दोन-तीन वर्षं निघतात, कारण हे फक्त अ‍ॅडमिशनपुरतं नसतं, पुढे स्कॉलरशिपच्या फॉर्मलाही हेच लागतं.

आणि तिसरी बाजू, जेईई आणि नीटवाल्यांनी कान इकडे करा. केंद्राच्या अ‍ॅडमिशनला, म्हणजे आयआयटी, एनआयटी, जोसा (त्यांचं एकत्र काउन्सेलिंग) वगैरे, तिथे बरोब्बर उलटं आहे. तिथे दाखला कधी निघाला ते बघतात! त्या वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेलं ओबीसी-एनसीएल पाहिजे. तुमचं राज्याचं तीन वर्षांचं प्रमाणपत्र तिथे दाखवलं तर ते म्हणणार हे काय आहे. त्याचा नमुनाच वेगळा, केंद्राचा. त्यात अजून एक, केंद्राची ओबीसी यादी वेगळी आहे. राज्यात जे एनटी-सी, एनटी-डी (भटक्या जमातींचे गट) आहेत, उदाहरणार्थ धनगर, वंजारी, ते केंद्रात ओबीसीत येतात. आणि एसईबीसी हा प्रकार केंद्रात नाहीच, तिथे ती मुलं निकषात बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस काढतात. म्हणजे एकाच मुलाच्या फाइलमध्ये दोन वेगवेगळे कागद, एकावर शेवटची तारीख महत्त्वाची, दुसऱ्यावर काढल्याची. पालकांचं डोकं फिरणार नाही तर काय होणार? मला तर वाटतं ज्यांनी हे ठरवलं त्यांना एकदा मे महिन्यात तहसीलच्या पत्र्याखाली उभं करावं.

तर राज्य असो की केंद्र, दोन्हीचा सोपा तोडगा एकच. बारावीची परीक्षा होऊन एप्रिल लागला की लगेच, तीन वर्षांच्या उत्पन्नावर, दोन्ही नमुन्यांत अर्ज टाकायचा. एप्रिलमध्ये गर्दी नसते. पोरं सीईटीचा अभ्यास करत असतात, म्हणून हे काम आईवडिलांनी करायचं, मुलांना रांगेत उभं करायचं नाही.

"ताई पावती चालते ना." हा प्रश्न. यावर मी आता शांतपणे बोलणार आहे. फॉर्म भरताना अर्ज केल्याची पावती चालते, बरोबर, काही वर्षी मुदतवाढही मिळालीये, तेही बरोबर. पण त्याच्यापुढचं वाक्य कुणी ऐकतच नाही! मूळ प्रमाणपत्र ठरलेल्या तारखेपर्यंत द्यावं लागतं. नाही दिलं तर तुम्हाला ओपनमध्ये टाकतात, आणि ओपनच्या मेरिटमध्ये ती सीट बसत नसेल तर ती गेली. आणि बसली तरी फी? ओबीसीच्या मुलाला निम्म्या ट्यूशन फीची सवलत असते, ती गेली. मुलींना तर २०२४-२५ पासून प्रोफेशनल कोर्सेसला ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस असेल आणि उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, ८ जुलै २०२४ चा जीआर आहे त्याचा. तोही कागदांवरच अवलंबून. पावतीवर राउंड निघतो, वर्ष निघत नाही. एका साहेबांनी मागच्या व्हिडिओखाली लिहिलंय, "आमच्या भाच्याचं पावतीवर झालं, ही बाई घाबरवते." अहो साहेब, झालं ना, छान झालं, पेढे द्या. ज्यांचं झालं नाही ते कमेंट करायला येत नाहीत.

व्हॅलिडिटीवर सविस्तर व्हिडिओ आहे आधीचा, म्हणून थोडक्यात. ती बारावीनंतर काढायची गोष्टच नाही. अकरावी सायन्सला अ‍ॅडमिशन झाली की कॉलेजमधूनच फॉर्म जातो, तेव्हा लागायचं कामाला. ती एकदा मिळाली की आयुष्यभराची, तिला ३१ मार्च नाही. वेळ कशात जातो, तर जुन्या पुराव्यांत. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, एससीला १० ऑगस्ट १९५० आणि एसटीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा. म्हणजे आजोबांच्या, पणजोबांच्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूची नोंद), महसुली कागद. आमच्या मराठवाड्यात तर त्यातलं बरंचसं उर्दूत आणि मोडीत, वाचणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे वडील, काका, आत्या, चुलतभाऊ, कुणाची व्हॅलिडिटी असेल तर निम्मं काम झालं समजा. पण इथेच गंमत येते, काकांशी जमिनीवरून बोलणं बंद असतं! हसू नका, खरंच. व्हॅलिडिटीची झेरॉक्स आणि वंशावळीसाठी सही पाहिजे म्हणून दहा वर्षांनी भाऊ भावाच्या दारात गेलेला मी बघितलाय, आणि काकूने चहा करायच्या आधीच फाइल काढून दिली. असेही काका असतात. नसतातही.

बरं, शाळेवाल्यांसाठी. हो, तुमची मुलं सहावी-सातवीत आहेत म्हणून व्हिडिओ बंद करू नका. आज जाऊन मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरला कशी आहे ते बघा. आधारवर एक, शाळेत एक, असं असेल तर आत्ता सुधारा. मूल त्या शाळेत असेपर्यंत हे काम त्या मानाने सोपं असतं. एकदा दाखला घेऊन बाहेर पडलं, दहावीचं सर्टिफिकेट छापून आलं, की मग शिक्षणाधिकारी, बोर्ड, कशाकशाला हात लावावा लागतो. आता तर अपार आयडीसाठी, म्हणजे विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकासाठी, शाळेतलं आणि आधारचं नाव जुळावं लागतं, त्यामुळे निदान शाळा तरी मागे लागतात. एक वेलांटी, एक स्पेलिंग. मुलगा "शिवराज", कागदावर "शीवराज". समितीपुढे तेवढ्यासाठी अ‍ॅफिडेव्हिट.

आणि लॅमिनेशन! कुणी सांगितलं तुम्हाला मूळ दाखले लॅमिनेट करायला? उन्हात फोटो काढला की चमकतं, स्कॅन केलं की पांढरा पट्टा येतो, नेमका शिक्क्यावर. स्क्रुटिनीवाला, म्हणजे कागद तपासणारा, परत पाठवतो, तुम्ही मला मेसेज करता. साधी पारदर्शक फाइल घ्या, वीस-तीस रुपयाची.

महाडीबीटीचं, म्हणजे स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलचं, पण विचारलंय बऱ्याच जणांनी, "आधार लिंक आहे तरी पैसे आले नाहीत". बँकेत जाऊन नुसतं लिंक आहे का विचारू नका, ते हो म्हणतात. आधार सीडिंग आहे का, म्हणजे सरकारी पैसे जमा होण्यासाठी एनपीसीआयला (बँकांच्या पेमेंटची संस्था) आधारशी कुठलं खातं जोडलंय, ते विचारा. बऱ्याचदा पैसे आलेले असतात, पण वेगळ्याच बँकेत, लहानपणी शाळेने उघडलेल्या खात्यात. त्याच्यावर पुढचा व्हिडिओ करते, इथे नाही.

शेवटची एक कमेंट घेते. "ताई, आम्ही लातूरला राहतो, गाव परभणी जिल्ह्यात, नॉन क्रीमी लेयर इथून निघेल का?" तुमचा जातीचा दाखला जिथून निघालाय, पिढीजात रहिवास जिथला आहे, तिकडूनच सगळं करा. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज घरबसल्या टाकता येतो, पण तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल गावातूनच लागतो, त्याला पर्याय नाही. सणाला गावी जाल तेव्हाच तलाठ्याला गाठून ठेवा, आणि तीन वर्षांचा म्हणायला विसरू नका. खाली कमेंटमध्ये आता "चालेल का" लिहू नका, तुमच्या दाखल्यावरच्या खालच्या ओळीतली तारीख लिहा, मी सांगते चालेल की नाही. चला, आईचा फोन येतोय.