पागेतला थोरला

नमस्कार श्रोतेहो.

दत्तजयंती आली की तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेसोबत घोड्यांचा बाजार. तिथं शिंगरू बघायला आलेला जाणता माणूस चाल बघतो, कानांची ठेवण बघतो, अंगावरचे केसांचे भोवरे मोजतो आणि मग विचारतो, "याचा बाप कोण?" या प्रश्नाचं उत्तर म्हणून जो घोडा एखाद्या पागेत पंधरा-पंधरा वर्षं उभा असतो, त्याच्या म्हातारपणाबद्दल, मरणाबद्दल आणि त्याला द्यायच्या मानाबद्दल आज बोलायचं आहे.

पैदाशीचा घोडा गेला की घरात सुतक असल्यासारखं होतं. त्याला सांभाळणारा मोतद्दार जेवत नाही, पोरं रडतात. आणि त्याच वेळी घाईघाईनं जेसीबी शोधावा लागतो, खड्डा कुठं घ्यायचा यावर भांडणं होतात, कुणीतरी मानेला दोर बांधून ओढत नेतं. आयुष्यभर ज्याला खरारा केला त्याचा शेवट असा होऊ नये. त्यासाठी तयारी तो जिवंत असतानाच करावी लागते, आणि ती करण्यात काही अशुभ नाही.

सुरुवात दातांपासून करू. वीस वर्षांच्या पुढचा घोडा वाळायला लागला की लोक म्हणतात, वय झालं. बहुतेक वेळा वय नव्हे, दाढा कारण असतात. दाढांच्या कडा झिजून धारदार होतात, गालाला आणि जिभेला कापतात. अर्धवट चावलेल्या चाऱ्याचे ओले गोळे गव्हाणीत पडलेले दिसले, तर तो चारा खातोय असं समजू नका, तो फक्त चघळून टाकतोय. पशुवैद्यकाकडून दर सहा महिन्यांनी दाढा तपासून कानशीनं घासून घ्या. ज्वारीचा कडबा आणि उसाचं वाढं अशा घोड्याला नको. वाढ्याचे जाड तुकडे न चावता पोटात गेले की आतडं तुंबतं. लसूणघास बारीक कापून, कोंडा आणि भरडा पाण्यात भिजवून सरबरीत द्या. पण नुसत्या गव्हाच्या कोंड्यावर घोडा ठेवू नका. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यामुळे हाडं ठिसूळ होतात. थंडीच्या दिवसांत पाणी कोमट करून ठेवा. दात दुखणारा घोडा गार पाण्याला तोंड लावत नाही, आणि पाणी कमी पडलं की पुन्हा तेच, पोट तुंबणं.

म्हाताऱ्या घोड्याचा एक पोटशूळ मात्र वेगळा असतो. पोटात देठ असलेली चरबीची गाठ वाढते आणि एके दिवशी तो देठ आतड्याभोवती फास आवळतो. अशा वेळी नाडीचे ठोके मोजा. जबड्याच्या कडेखालच्या शिरेवर बोट ठेवलं की लागतात. शांत घोड्याचे मिनिटाला 28 ते 44. साठच्या वर गेले, हिरड्या कोरड्या आणि काळपट पडल्या आणि वेदनेचं इंजेक्शन देऊनही तासाभरात तो पुन्हा लोळायला लागला, तर फिरवत बसण्यात वेळ घालवू नका. शस्त्रक्रियेची सोय हाताशी नसेल तर हीच ती वेळ असते, ज्याबद्दल पुढे बोलणार आहे.

त्याआधी त्याच्या बीजाबद्दल. घोड्याची इच्छा शेवटपर्यंत टिकते, पण अंडकोष मऊ पडून लहान होतात आणि वीर्याची प्रत घसरत जाते. मागच्या पायांचे सांधे धरलेला घोडा घोडीवर चढतो आणि घसरून उतरतो, त्याला लोक आळस म्हणतात. ते दुखणं असतं. जमीन न घसरणारी ठेवा आणि रोज घोडी दाखवू नका, आठवड्यातून दोनदा पुरे. वीर्य गोठवून ठेवायचं असेल तर पंधरा-सोळाव्या वर्षी ठेवा, बाविसाव्या वर्षी नव्हे. उणे 196 अंशाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठलेलं वीर्य वर्षानुवर्षं टिकतं, पण मुळात दुबळं असलेलं वीर्य गोठवण्याचा धक्का सोसत नाही. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांना ही वाट बंद आहे, त्यांच्या नोंदणीत फक्त नैसर्गिक मिलनाची शिंगरं धरतात. मारवाडी, काठियावाडी जातीचे घोडे पाळणाऱ्यांनी मात्र राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेरच्या शाखेकडे वेळेवर चौकशी करावी.

मरणानंतरही एक दार थोडा वेळ उघडं असतं. पशुवैद्यकानं लगेच अंडकोष काढून घेतले, ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून थंड पेटीत सुमारे 4-5 अंशाला ठेवले आणि 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचले, तर त्यातून जिवंत शुक्रजंतू मिळू शकतात. चूक नेहमीची एकच होते, पिशवी थेट बर्फावर ठेवतात. त्यानं ते गोठून मरतात. मध्ये टॉवेलची जाड घडी हवी. खानदेशातून किंवा सोलापूरकडून वाहन कोणतं, कोण घेऊन जाणार आणि तिकडे कोण घेणार, हे आधी ठरलेलं नसेल, तर हा नाद सोडलेला बरा.

वंशाचा पुरावा म्हणून केस ठेवा. इथंही गफलत होते. शेपटीची बट कात्रीनं कापून ठेवतात आणि पुढे वंशतपासणीची वेळ आली की कळतं, तिचा उपयोग नाही. त्या तपासणीला लागतं ते केसाच्या मुळाशी असलेलं मांस. म्हणून तीस-चाळीस केस मुळासकट उपटून घ्यायचे, घोडा जिवंत असताना घेतले तर उत्तम. मुळांना हात न लावता ते कागदी पाकिटात ठेवायचे, वर नाव, तारीख आणि मायक्रोचिपचा नंबर लिहायचा. प्लास्टिकमध्ये घाम धरतो आणि बुरशी येते. आठवणीची बट वेगळी. ती कापा, साध्या साबणानं धुवा, सावलीत वाळवा आणि एका टोकाला सुतानं घट्ट बांधा.

नोंदवही लिहिली नसेल तर आजच बसा. कोणती घोडी कधी फळवली, शिंगरू कधी झालं, रंग तांबूस कुमैत की ठिपक्या-पट्ट्यांचा अबलख, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी असेल तर कोणत्या पायाचं पांढरं कुठवर, भोवरे कुठं. आणि दोषही लिहा. खुराची वाकडी ठेवण, चावरेपणा, उमेदीच्या वर्षांत किती घोड्या रिकाम्या परतल्या. फक्त गुणगान लिहिलेली वही पुढच्या पिढीला फसवते. भीमेच्या काठच्या भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे अलीकडच्या काळात नोंद झाली आहे. ज्या जातीची जनावरंच थोडी उरली आहेत, तिथं एका घोड्याची अशी वही जाणं म्हणजे एक शाखाच पुसली जाणं.

आता अवघड भाग. बसलेला घोडा आपला आपण उठेनासा झाला, खाणं तोंडातून गळायला लागलं, खुराच्या दुखण्यानं तो पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा राहायला लागला, औषधांनीही फरक पडेना, तर इंजेक्शन देऊन त्याला सोडवणं ही दयाच आहे. ऋतूचाही विचार करा. काळ्या मातीच्या मुलखात उठताना धडपडणारा घोडा आषाढात चिखलात बसला, तर तिथंच रुतून राहतो, आणि जेसीबीही त्या रानात उतरत नाही. पाऊस सोसणार नाही असं पशुवैद्यक सांगत असेल, तर निर्णय मृगाआधी घ्या. विमा असेल तर कंपनीला आधी कळवा, आणि पशुवैद्यकाचा दाखला आणि फोटो हातात आल्याशिवाय माती टाकू नका.

ज्या दिवशी न्यायचं, त्या दिवशी त्याला आवडेल ते खाऊ द्या, गूळ द्या. जागा सपाट, मऊ मातीची आणि वाहन पोहोचेल अशी हवी, खड्ड्याच्या काठापासून निदान पंधरा फूट दूर. कारण घोडा कोणत्या बाजूला पडेल हे कुणालाच सांगता येत नाही. तोंडावरच्या मोरखीला लांब दोर लावून एकच माणूस धरेल. तो समोर उभा राहणार नाही, बाजूला राहील. बाकीचे सगळे मागे. पशुवैद्यक आधी गुंगीचं इंजेक्शन देतो, डोकं खाली येतं, मग मानेच्या शिरेत पुढचं औषध जातं आणि बहुधा मिनिटभरात तो कोसळतो. त्यानंतर एखादा खोल श्वास, कातडीची थरथर, लघवी होणं, डोळे उघडेच राहणं, हे सगळं घडतं. तो तेव्हा शुद्धीवर नसतो. घरच्यांना, विशेषतः मुलांना, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर "तो जिवंत होता" हा सल वर्षानुवर्षं राहतो. छाती ऐकून पशुवैद्यकानं सांगितलं की मगच जवळ जा.

काही तासांत अंग ताठतं, म्हणून पाय लगेच पोटाशी दुमडून घ्या. नालबंदाकडून नाल काढून घ्या. घोड्याचं वजन माहीत असलं की उचलण्याचे पट्टे ठरवता येतात. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि 11,880 नं भागा. घेर 175 आणि लांबी 165 असेल तर साधारण 425 किलो होतात. रुंद पट्टे छातीखालून आणि मांड्यांपुढून घालून उचला. मानेला किंवा पायाला साखळी लावून ओढू नका.

अशा घोड्याला खड्डा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि आठ फूट खोल लागतो. विहीर, ओढा, कालवा यांपासून दूर, आणि तळाला पाझर दिसला तर जागा बदला. काळ्या मातीत उभ्या भिंती ढासळतात, म्हणून कडा उतरत्या घ्या आणि उपसलेली माती एकाच बाजूला टाका. नायलॉनची मोरखी, झूल, प्लास्टिक, सगळं काढा. सुती कापड, फुलं, हळद-कुंकू चालेल. पोत्यांनी मीठ ओतायची चाल आहे, पण मिठानं शरीर टिकतं, मातीत मिसळायला उशीर होतो. श्रद्धेपुरतं मूठभर टाका. वर निदान चार फूट माती, आणि तिच्यावर दोन फुटांचा उंचवटा ठेवा, कारण पोट खचलं की माती खाली बसते. वर बाभळीच्या काट्या आणि दगड, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत. माळावर किंवा ओढ्यात टाकून देणं तर अजिबात नको. त्याला सोडवायला दिलेलं औषध मांसात राहतं आणि ते खाणारी गिधाडं, कुत्री मरतात. जनावरांना दुखण्यावर देत त्या डायक्लोफेनॅक औषधावर 2006 साली बंदी आली तीही गिधाडांसाठीच. नाकातोंडातून न गोठणारं रक्त आलं असेल किंवा ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा संशय असेल, तर शरीराला हात न लावता सरकारी पशुवैद्यकाला बोलवा. तिथं सगळे नियम वेगळे असतात.

आपण रेडिओवर बोलतो आहोत, म्हणून एक गोष्ट आठवते. अमेरिकेत केंटकीमध्ये मॅन ओ' वॉर नावाचा घोडा होता. 21 शर्यतींत 20 जिंकला आणि नंतर मोठा वंश मागे ठेवून गेला. 1 नोव्हेंबर 1947 ला तिसाव्या वर्षी तो वारला. त्याचा मोतद्दार विल हारबट महिनाभर आधीच गेला होता. त्या घोड्याचं शरीर मसाले भरून टिकवलं, त्याच्या शर्यतीच्या रंगांचं अस्तर लावलेल्या पेटीत ठेवलं, लोक रांगेनं दर्शनाला आले, आणि अंत्यसंस्कार रेडिओवरून ऐकवले गेले. तिकडे पुष्कळ स्टड फार्मवर फक्त डोकं, काळीज आणि खूर पुरायची रीत आहे. अख्खा घोडा पुरणं हा मोठा मान. 1989 साली सेक्रेटेरिएट या शर्यतीच्या नामांकित घोड्याला तो मिळाला. आपल्याकडे पेटी नसली तरी अख्खा घोडा आपल्याच मातीत ठेवता येतो, आणि वारीतल्या रिंगणात देवाच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावणाऱ्यांना ती माती काय असते हे सांगावं लागत नाही.

मागे राहिलेल्या घोड्यांना विसरू नका. माती टाकण्याआधी शेजारच्या ठाणावरच्या घोड्यांना एकेक करून त्याच्याजवळ न्या, हुंगू द्या, अर्धा तास लागला तरी लागू द्या. ज्यांनी हुंगलं ते बहुधा लवकर शांत होतात, ज्यांना दाखवलंच नाही ते दिवसेंदिवस फाटकाकडे बघून खिंकाळत राहतात. चार-पाच दिवस कुणाचं खाणं तुटतंय का यावर लक्ष ठेवा. मोतद्दाराला लगेच दुसरा घोडा सोपवू नका, पण रिकामंही बसवू नका. नोंदवहीतले भोवरे आणि खोडी त्याच्याइतक्या कुणाला ठाऊक नसतात, त्या त्याच्याकडून लिहून घ्या.

झाड लावायचं तर खड्ड्याच्या मधोमध नको, पहिल्या पावसाळ्यात माती खचून रोप कलतं. काठाबाहेर चार फुटांवर कडुनिंब लावा, आणि खचलेली माती दिवाळीआधी भरून घ्या. त्याची चामड्याची मोरखी धुऊन, सावलीत वाळवून, तेल लावून खुंटीला लावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पुसून पुन्हा तेल द्या, नाहीतर बुरशी चढून चामडं तडकतं. खंडेनवमीला बाकीच्या घोड्यांची पूजा होईल तेव्हा पाटावर तीही ठेवा.

नमस्कार.