क्षयाच्या गोळ्या आणि बांगड्याचे कालवण

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव पुकारला जातो, त्या गर्दीतल्या एखाद्या खलाशाच्या घरी क्षयाच्या गोळ्यांची पट्टी असू शकते. सहा महिने रोज घ्यायच्या या उपचारात पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल ही चार औषधे असतात. पुढे पायराझिनामाइड थांबते.

पहिल्या मात्रेनंतर काही तासांतच लघवी नारिंगी-लाल होते, घामालाही तोच रंग येतो. हा रंग रिफाम्पिसिनचा असून त्याने काहीही अपाय होत नाही. पण आशाताईने किंवा डॉक्टरांनी हे आधी सांगितले नसेल, तर घाबरलेला माणूस दुसऱ्या दिवशी गोळीच घेत नाही, आणि आमच्या मते तो दोष त्याचा नव्हे.

या औषधांनी यकृताला सूज येऊन होणारी कावीळ मात्र वेगळी. नुसत्या लघवीच्या रंगावरून ती ओळखता येत नाही, म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाउजेडी पाहावा. तिथे पिवळेपणा दिसला, अन्नावरची वासना उडाली किंवा उलट्या थांबेनात, तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. झाडपाल्याच्या औषधात दिवस घालवू नयेत. रक्त तपासून, यकृताची सूज उतरल्यावर डॉक्टर औषधे एकेक करून पुन्हा सुरू करतात. दारू पिणाऱ्याला हा धोका अधिक असतो.

इथाम्ब्युटॉलने क्वचित डोळ्यांच्या नसेला इजा होते आणि लाल-हिरव्यातला फरक पुसट होऊ लागतो. रात्री समोरच्या बोटीचा डावीकडचा लाल दिवा आणि उजवीकडचा हिरवा दिवा पाहून दिशा ठरवणाऱ्या तांडेलाने ही खूण कधीही अंगावर काढू नये. पायांना येणाऱ्या मुंग्या आयसोनियाझिडमुळे असू शकतात, त्यावर ब-6 जीवनसत्त्व देतात.

आता किनाऱ्यावरच्या घरांना सर्वांत जवळची गोष्ट. बांगडा किंवा कुपा (ट्यूना) बर्फाविना राहिला, की त्यात हिस्टामिन नावाचे त्रासदायक द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. एरवी शरीर ते पचवते, परंतु आयसोनियाझिड त्या कामात अडथळा आणते. मग जेवणानंतर थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छातीत धडधडते. अशक्त शरीराला प्रथिने हवीतच, त्यामुळे मासळी सोडण्याचे कारण नाही. उपचार चालू असेपर्यंत हे दोन मासे टाळावेत आणि बाकीची मासळी ताजी खावी. तरीही असा त्रास झालाच, तर त्या दिवशी ताटात काय होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे माशाचा दोष गोळीवर जाऊन उपचार तुटणार नाही.