बिजलीचा नालाविना पावसाळा

[काळा पडदा. पेव्हर ब्लॉकवरच्या टापांचा आवाज.]

माथेरानला जाऊन आलेल्या माणसाला हा आवाज कशाचा ते सांगावं लागत नाही.

[दस्तुरी नाका. जीन चढवलेली घोडी रांगेत उभी.]

मोटार इथे थांबते. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली हा डोंगर चढला, नेरळहून छोटी रेल्वे 1907 साली आली, पण दस्तुरीच्या पुढचं गाव आजही बऱ्याच अंशी घोड्यांच्या पायांवर चालतं. पर्यटक, सुटकेसी, गॅसचे सिलिंडर, दुकानांचा माल. तांबडी जांभ्याची वाट, मध्येच खडकाळ उतार, अलीकडे मातीचे पेव्हर ब्लॉक. या ब्लॉकवर घोडी घसरतात, ही अश्वपालकांची तक्रार. तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. त्याची फिल्म वेगळी होईल. आपण बघायचंय ते नालाच्या वर काय असतं ते.

[बिजली. आधी डोळा, मग खाली येत पुढचा डावा पाय.]

ही बिजली. तांबूस अंग, काळी आयाळ, वय मालकांच्या अंदाजाने नऊ-दहा. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत ती पर्यटकांना पॉइंट दाखवते. पाऊस लागला की नेरळची गाडी बंद होते, दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंतची शटल तेवढी सुरू राहते आणि बरीचशी घोडी डोंगर उतरतात. बिजली नेरळजवळच्या एका वाडीत, पत्र्याच्या शेडखाली आली. आता दिवाळीपर्यंत काम नाही.

तिच्या मालकांपुढे अडचण होती ती खिळ्यांची. पुढच्या दोन्ही खुरांची कड खिळ्यांच्या भोकांपाशी फुटत चालली होती. नाल बसवला की आठवड्याभरात ढिला. फुटक्या कडेत नवा खिळा मारायला जागाच उरली नव्हती. मग नालबंदच म्हणाले, यंदा राहू दे मोकळी.

हे ऐकून आम्हीही जरा चमकलो. नाल ठोकणं हेच ज्यांचं पोट, त्यांनी हे म्हणावं! त्यांना वाडीत सगळे चाचा म्हणतात, आम्हीही चाचाच म्हणू.

[खूर उलटा धरलेला. क्लोज-अप. इथे कॅमेरा बराच वेळ आहे, घाई नको.]

खूर खालून असा दिसतो. बाहेरची जाड कड म्हणजे खुराची भिंत. आपल्या नखासारखीच ती वरून, केसांच्या रेषेपासून खाली वाढत येते, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. पुढचा चवडा वरपासून खालपर्यंत पूर्ण नवा व्हायला 9 ते 12 महिने लागतात. नालबंद जेव्हा म्हणतात की घाई करू नका, तेव्हा ते हा हिशेब सांगत असतात.

भिंतीच्या आत ही फिकट, पिवळसर रेघ. खिळा हिच्या बाहेरूनच जायला हवा; आत गेला तर घोडा लंगडतो. मधे तळवा, किंचित खोलगट. आणि टाचेकडून पुढे निमुळता होत आलेला हा त्रिकोण. अंगठ्याने दाबला की दबतो, सोडला की पूर्ववत होतो. पाऊल टेकलं की टाच किंचित पसरते, त्रिकोण आणि त्याच्यावरची मऊ गादी धक्का पेलते, आणि दर पावलागणिक खुरातलं रक्त वर ढकललं जातं. नाल ठोकलेल्या खुराला असं पसरायला वाव कमी मिळतो. बिजलीचा त्रिकोण आक्रसलेला आहे. दोन्ही टाचा एकमेकींकडे ओढल्यासारख्या जवळ आल्यात, चवडा पुढे लांबलाय. नाल दर पाच-सहा आठवड्यांनी काढून, वाढलेला खूर कापून पुन्हा बसवायचा असतो. भर हंगामात घोडा एक दिवस बसवायला कुणाची तयारी नसते. मग नाल झिजेपर्यंत तसाच, आणि त्याच्यावर खूर वाढत राहतो.

[चाचा शेडच्या दारात. बिजली कान मागे टाकते.]

कानस बाहेर काढण्याआधी एक वेगळंच काम झालं, आणि आमच्या सगळ्या चित्रीकरणातलं मला सर्वांत आवडलेलं काम तेच आहे.

बिजली मागचा उजवा पाय देत नाही. पूर्वी कधीतरी, कुठेतरी तिला त्या पायाचा त्रास झालाय. नेहमीचा उपाय तुम्ही कुठल्याही तबेल्यात पाहिला असेल: वरचा ओठ दोरीत धरून पिळायचा, एकाने कान धरायचा, दुसऱ्याने पाय ओढायचा. पाच मिनिटांत काम. पुढच्या वेळी घोडी त्याच्याही आधी लाथ मारते.

चाचा समोरून जात नाहीत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. दोन्हीकडचं त्याला लांबवरचं दिसतं, पण अगदी कपाळासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून ते खांद्याच्या बाजूने येतात, तिला दिसत राहून. मोरकीची दोरी सैल. हात आधी खांद्यावर, मग पाठीवरून पुठ्ठ्यावर, मग मांडीवरून खाली. बघा, इथे तिचं अंग ताठ झालं. चाचांचा हात तिथेच थांबतो, ना पुढे जातो ना मागे. तिने मान खाली केली, जबडा चावल्यासारखा हलवला, आणि त्याच क्षणी हात निघाला.

सगळी गंमत त्या क्षणात आहे. घोडा दाबाने शिकत नाही, दाब सुटल्यावर शिकतो. तिने विरोध केला तेव्हा हात काढला असता तर ती शिकली असती की ताठ झालं की माणूस जातो. ती सैल झाली तेव्हा काढला, म्हणून सैल व्हायला शिकली. उशिरा काढलेला हात फुकट जातो. पुढच्या फेरीला हात गुडघ्यापर्यंत, त्यापुढच्या फेरीला घोट्यापर्यंत. पाय उचलला तोही दोन सेकंद, आणि चाचांनी स्वतःच अलगद जमिनीवर ठेवला, तिला झटकून घ्यावा लागला नाही. ऊन शेडच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं तोवर हेच चालू होतं. मालक दोनदा चहा घेऊन आले आणि दोनदा म्हणाले, चाचा, बांधू का दोरी? चाचांनी उत्तर दिलं नाही.

[आवाज : निवेदन नको. दोरीचा, श्वासांचा, पावसाचा आवाज राहू दे.]

[दुसरी सकाळ. हातोडा, पकड, वाकड्या टोकाची सुरी, लांब कानस पोत्यावर मांडलेली.]

आता नाल. भिंतीतून बाहेर येऊन वळवलेली खिळ्यांची टोकं आधी सरळ करायची. तसंच ओढलं तर टोकाबरोबर खुराचा तुकडा येतो. मग पकड टाचेकडून घालून, थोडं या बाजूला, थोडं त्या बाजूला, चवड्याकडे सरकत. हा निघाला. मालकांनी तो उचलून खिशात टाकला.

खूर कोरून घेतला. माती, शेण, दोन खडे. त्रिकोणाच्या खाचेत काळपट, वास मारणारं काहीतरी. ओल्यात, शेणात उभ्या राहणाऱ्या घोड्यांना हे हमखास होतं. त्रिकोण सडायला लागतो. औषधापेक्षा कोरडी जागा महत्त्वाची, ती पुढे दाखवतोच.

मग सुरी. इथे नवखा माणूस चुकतो, कारण कापायला मजा येते. चाचा तळव्याची सुटलेली, भुगा होणारी पूड तेवढी खरवडतात. खाली चकचकीत, घट्ट थर लागला की सुरी थांबली. तो जिवंत तळवा घोड्याला दगडावर चालायला लागणार आहे. त्रिकोणाचंही लोंबणारं तेवढंच काढलं.

[कानस. बाजूने, मग खालून. आवाज मोठा.]

भिंत कापायची ती तळव्याच्या पातळीपेक्षा जरा उंच उरेल इतकीच. टाचा खाली आणायच्या, पण एकदम नाही. महिनोन्‌महिने उंच टाचेवर उभ्या राहिलेल्या घोडीच्या शिरा एका दिवसात ताणायच्या नाहीत. पाय सैल लोंबू देऊन टाचेकडून चवड्याकडे एका डोळ्याने बघायचं. डावी बाजू उंच दिसतेय? दिसली. पुन्हा दोन हात कानस.

आणि आता शेवटचं, जे नाल बसवताना कुणी करत नाही. पाय पुढे घेऊन गुडघ्यावर टेकवला, आणि भिंतीची खालची धार सगळीकडून गोल केली. धारदार कड दगडाला अडकते आणि फुटते. गोल कड दगडावरून वळून जाते. बिजलीच्या कडेला जुनी भोकं होती, त्यांच्यावरचा ताणही याने कमी झाला.

नाल नसलेला घोडा अशा खुराने निसर्गात फिरत असतो. अमेरिकेत जेमी जॅक्सन हा पेशाने नालबंद. 1980च्या दशकात तो नेवाडाकडच्या कोरड्या माळरानावर मोकाट फिरणाऱ्या मस्टँग घोड्यांच्या मागे हिंडला, त्यांचे खूर मोजले. आखूड चवडा, खाली टेकलेल्या टाचा, गोल झिजलेली कड, जाड तळवा. कुणी कानस मारली नव्हती. चाल आणि दगड यांनीच मारली होती. आज जगभर बिनानालीच्या घोड्यांचे लोक ज्याला आदर्श खूर मानतात तो तिथून आला. तिथला पाऊस मात्र कोकणातला नाही, हे ध्यानात ठेवायला हवं.

[शेडमागचं अंगण. मालकांची मुलं ओढ्यातले गोटे ओतताहेत.]

म्हणून हे गोटे. शेडच्या मागे उताराला, पाणी वाहून जाईल अशा जागी मुठीएवढ्या गोल गोट्यांचा थर. बिजलीची चाऱ्याची जागा त्याच्यावरच, म्हणजे दिवसातला बराच वेळ ती कोरड्यात उभी राहील आणि खूर आपोआप घासला जाईल. कल्पना नवी नाही. ग्रीक सेनानी झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात तबेल्याबाहेर असेच गोल दगड पसरायला सांगितलं होतं, आणि रागाच्या भरात घोड्यापाशी जाऊ नये हेही त्यानेच लिहून ठेवलंय. त्या काळी ग्रीकांकडे खिळ्यांचे नाल नव्हते.

आपल्याकडे पुढच्या काळात होते. मराठेशाहीत मोहिमेवर निघणाऱ्या शिलेदाराला आगाऊ रक्कम मिळे ती नालबंदी म्हणूनच. मैलोगणती दौड, पाठीवर स्वार आणि सामान. खूर वाढतो त्याहून वेगाने झिजला तर लोखंड लागणारच. चाचा लोखंडाला शिव्या देत नाहीत. ते एवढंच विचारतात, की पावसाळाभर उभ्या असलेल्या घोड्याला ते कशाला?

[चारा. तोबऱ्यातली चंदी. नंतर खुराच्या बाहेरच्या वळ्यांवर कॅमेरा.]

या वळ्या बघा. भिंतीवर आडव्या. एक इथे, खोल. ही बऱ्याच महिन्यांपूर्वीची आहे, वाढीच्या हिशेबाने दिवाळीच्या सुमाराची. त्या वेळी कामाचा जोर, म्हणून चंदी वाढवलेली, हरभरा आणि वर गूळ. घोड्याचं पोट लहान, त्याला दिवसभर थोडं थोडं गवत लागतं. कुरणात सोडलेला घोडा दिवसातले सोळा-सोळा तास चरतो. एकदम पोटात गेलेला धान्याचा भार पायात उतरू शकतो. खुराच्या आतलं हाड भिंतीला शेकडो नाजूक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. ते सुजले की घोडा पुढचे पाय पुढे टाकून, भार टाचांवर घेऊन उभा राहतो. असं दिसलं तर नालबंद नव्हे, डॉक्टर बोलवायचा, त्याच दिवशी. बिजली तिथवर गेली नव्हती. हरभरा कमी केला, सुकं गवत वाढवलं.

[श्रावण. रस्त्यावर हाताने चालवणं. पाठीवर कुणी नाही.]

पहिले काही आठवडे ती डांबरी रस्त्यावर जपून पाय टाकायची, खडीवर थांबायची. मालक रोज पहाटे तिला हातात धरून फिरवत होते, आधी मातीवर, मग डांबरावर, खडी शेवटी. वाडीतले लोक हसायचे. घोडा आहे की बायको, असंही एकाने विचारलं. चाचा महिन्याने आले, पुन्हा महिन्याने आले. दर वेळी सुरी कमी, कानस थोडी. मागच्या उजव्या पायासाठी आता नुसतं पोटरीला बोट लावावं लागतं.

[नवरात्र. तोच खूर, त्याच कोनातून.]

केसांच्या रेषेपासून खाली उतरणारा हा नवा भाग, जुन्यापेक्षा घट्ट आणि सरळ. त्रिकोण रुंदावलाय. टाचा मोकळ्या होताहेत. भोकं खाली सरकलीत, एक सोडून बाकीची कापली गेली.

[हिवाळा. कर्जतकडच्या कापलेल्या भातखाचरात धनगरांचा वाडा.]

हे चित्रीकरण नंतरचं. वाडा म्हणजे धनगरांचा फिरता तळ, घाटावरून मेंढरं घेऊन उतरलेला. घोडीवर बाज, भांडी, कोंबड्या, वर कोकरू. या घोडीच्या एकाही पायाला नाल नाही. रोज चालते, आणि मुक्कामाला मोकळी चरते. चाचांना हा भाग दाखवला तेव्हा त्यांनी खूर मोठा करून बघायला मागितला. आमच्याकडे तेवढं जवळचं दृश्य नव्हतं.

[दस्तुरी. दिवाळीची गर्दी. बिजली रांगेत.]

बिजली हंगामाला वर गेली. चारही पाय बिननालाचे ठेवले असते तर रोजच्या फेऱ्या झेपल्या नसत्या, असं मालकांचं मत, म्हणून पुढच्या दोन पायांना नाल बसले, नव्या भिंतीत, नव्या खिळ्यांनी. ते घट्ट बसलेत. मागचे दोन मोकळे आहेत. खुरावर चढवायचे रबरी बूट मिळतात, पण त्यांची किंमत मालकांना परवडणारी नाही. हंगामाचे सुरुवातीचे शनिवार-रविवार गेले, तेवढी कमाई बुडाली.

मेअखेर नाल पुन्हा निघतील. चाचांनी तारीख दिली आहे, आणि त्याच दिवशी वाडीतल्या आणखी एका मालकाने आपला घोडा दाखवायला आणतो म्हणून सांगितलंय. घोडा आहे की बायको, असं विचारणारा तो हाच.