बंगई कोणाची?

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस उघडला, दिवाळी झाली, की आपल्या नागपुरात घरं पाहायला निघणारी माणसं वाढतात. नंदनवन, मानेवाडा, त्रिमूर्तीनगर, खामला अशा जुन्या वस्त्यांत फाटकांवर पाट्या दिसू लागतात, ‘घर विकणे आहे’. खाली एक फोन नंबर. त्या पाटीच्या आत काय चाललेलं असतं, ते रस्त्यावरून दिसत नाही. आत कोणाची झोप उडालेली असते, कोणाचं बीपी वाढलेलं असतं. बाहेरून घर पाहणाऱ्या जोडप्याचीही तीच गत असते.

राहत्या घराचा भावताव करताना जीव का कासावीस होतो आणि तो त्रास कमी कसा करता येतो, हा आजचा विषय. पहिली गोष्ट आत्ताच सांगतो आणि पुढेही दोन-तीनदा सांगेन, कारण ती कानावरून निसटू नये. आधी घरात ठरवा, मग फाटकावर बोला.

एका घराची हकीकत ऐका. नावं सांगत नाही, गल्लीही सांगत नाही. नागपूर सुधार प्रन्यासच्या ले-आऊटमधला 30 बाय 50 चा प्लॉट, म्हणजे 1500 चौरस फूट. खाली तीन खोल्या, मागे न्हाणी, बोअर. वर दोन खोल्या, त्या नंतर बांधलेल्या. आणि पुढच्या खोलीत बंगई, म्हणजे छताला टांगलेला झोपाळा. सागवानी पाट, पितळी कड्या, आणि स्लॅब टाकतानाच सळाखीला बांधून घेतलेले चार लोखंडी हूक. आजोबा जाऊन दोन वर्षं झालेली. घरात आजी, वय 76. थोरला मुलगा नागपुरातच, धाकटा पुण्याला, मुलगी यवतमाळला दिलेली.

घर विकायचं, एवढं ठरलं. कितीला, ते ठरलं नाही. धाकट्यानं पुण्याहून ब्रोकरला फोन केला, “नव्वद आले तरी देऊन टाका, माझ्याकडून हो आहे.” थोरल्यानं त्याच ब्रोकरला घरी बसवून सांगितलं, “एक कोटी पाचच्या खाली बोलायचं नाही.” आजीला कोणी विचारलं नाही आणि मुलीला कोणी कळवलं नाही.

आता यात ब्रोकरला दोष देऊ नका. आपल्याकडे दलाल शब्द शिवीसारखा वापरतात, ते मला मुळीच पटत नाही. उन्हातान्हात दहा घरं दाखवणारा, दोन्हीकडची बोलणी ऐकून घेणारा माणूस आहे तो. त्याला दोन आकडे मिळाले, तर खालचा आकडा गिऱ्हाइकापर्यंत पोचणारच, कारण सौदा तिथेच होणार हे त्याला कळतं.

गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षक जोडपं. त्यांना नव्वदचा सुगावा लागला होता. त्यांनी 86 लाख सांगितले. थोरला ताडकन उठला. “शहाऐंशी? काहून, आमच्या बाबांचं घर रस्त्यावर पडून आहे का?” जोडपं चहा अर्धा टाकून निघून गेलं. त्या रात्री दोघा भावांचं फोनवर जे झालं, त्यानंतर पंधरा दिवस ते एकमेकांशी बोलले नाहीत. आजी मध्यरात्री उठून बंगईवर बसायची. कड्यांचा आवाज आला की सुनेला कळायचं, आई जाग्या आहेत.

आता नीट पाहा. 86 हा आकडा अपमान होता का? ज्याला नव्वद ऐकू आलं, तो शहाऐंशीपासूनच सुरुवात करेल. अपमान वाटला, कारण थोरल्याच्या मनात 105 होते. आकडा घरातच फुटलेला होता. म्हणून म्हणतो, आधी घरात ठरवा, मग फाटकावर बोला.

पुढे ब्रोकरनं पुन्हा जमवून आणलं आणि 92 लाखांवर हो झालं. अक्षय तृतीया होती. मुहूर्त टळू नये म्हणून थोरल्यानं 51 हजार रुपये रोख बयाणा, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतला आणि वहीच्या कागदावर चिठ्ठी लिहून दिली. रजिस्ट्री कधी, ते चिठ्ठीत नाही. कर्ज झालं नाही तर बयाण्याचं काय, तेही नाही. बहिणीची सही नाही. आणि रोख! जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. मुहूर्तावर माझा राग नाही. मुहूर्तावर नारळ फोडा, पेढे वाटा. बयाणा मात्र कागद पुरे झाल्यावरच घ्या आणि बँकेतूनच घ्या.

मग जोडप्याच्या बँकेचा माणूस घर पाहून गेला. त्यानं मूल्यांकन केलं 84 लाख, कारण वरच्या दोन खोल्या मंजूर नकाशात नव्हत्या. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक फार तर 80 टक्के देते. 92 चे 80 टक्के म्हणजे 73 लाख 60 हजार, हा हिशेब धरून जोडपं बसलेलं. बँकेनं 84 धरले, त्याचे 80 टक्के झाले 67 लाख 20 हजार. एका दिवसात 6 लाख 40 हजारांचा खड्डा पडला. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी वेगळी, ती सहसा कर्जात धरत नाहीत.

ते घाबरून घरी आले. त्याच दिवशी यवतमाळहून मुलगी आलेली होती. बोलता बोलता शिक्षिकाबाई बंगईवर हात ठेवून म्हणाल्या, “ही तर इथेच राहील ना?” घराबरोबर येते असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं, कारण ती छताला टांगलेली. मुलगी एकदम रडायला लागली. बंगई आईनं तिला देऊ केली होती. 92 लाखांचा सौदा, अन् अडला साडेचार फुटांच्या एका पाटाशी.

इथून पुढे त्या मुलीनं जे केलं, ते फार शहाणपणाचं होतं. तिनं गिऱ्हाइकाला आठ दिवस मागून घेतले. धाकट्याला पुण्याहून बोलावलं. संध्याकाळी सैपाकखोलीत फक्त चौघं बसले, सुना-जावई नाहीत, ब्रोकर नाही. शाळेच्या वहीचं एक पान फाडून तिनं चार चिठ्ठ्या केल्या. “याच्या खाली द्यायचं नाही असा आकडा लिहा, आणि आकड्याशिवाय काय पाहिजे तेही लिहा. एकमेकांचं पाहू नका.” चिठ्ठ्या उघडल्या. थोरल्याची 92, धाकट्याची 90, मुलीची 90 आणि खाली ‘बंगई’. आजीच्या चिठ्ठीवर आकडाच नव्हता. दोन शब्द होते, ‘दिवाळी इथे’.

थोरला बराच वेळ ती चिठ्ठी हातात धरून बसला. मग म्हणाला, “आई, हे आधी काहून नाही सांगितलं?” आजी म्हणाली, “कोणी विचारलं नाही बाबू.”

त्या रात्री त्यांचं ठरलं. खालची मर्यादा 90. बोलणार फक्त ही मुलगी, भावांची ताई. घर दिवाळीनंतर सोडायचं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर ताईनं आधी तारखेचं काढलं. तेव्हा कळलं, त्या जोडप्यालाही वेळच हवा होता. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढायला आणि एक मुदत ठेव मोडायला त्यांना चार-पाच महिने लागणार होते. घाई होती ती फक्त घर दुसऱ्याला जाईल या भीतीनं. दोन्हीकडची माणसं महिनाभर लाखांवर भांडत होती, आणि दोघांनाही पाहिजे होते महिने.

वरच्या खोल्यांच्या नकाशापायी एक लाख कमी झाला. किंमत 91 लाख. रोखीचे 51 हजार परत केले. वकिलाला विचारून मुद्रांक लावून करारनामा नोंदवला, 10 टक्के म्हणजे 9 लाख 10 हजार बयाणा बँकेतून आला, विक्रीपत्राची रजिस्ट्री तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात. आणि करारनाम्यात एक ओळ ताईनं आवर्जून घालून घेतली: ‘पुढील खोलीतील बंगई चार कड्यांसह विक्रेत्यांची. छतातील चार हूक घराचे.’ शिक्षिकाबाईंनीच हूक मागितले होते. त्यांना तिथे स्वतःची बंगई टांगायची होती.

हकीकतीतच निम्मा वेळ गेला, पण तिच्यात बहुतेक सगळं आलं. उरलेलं भराभर सांगतो, जमल्यास लिहून घ्या.

विकणाऱ्यांनी पाटी लावण्याआधी कागद काढा. आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर, किंवा सातबारावर मयताचंच नाव असेल, तर आधी फेरफार करून वारसांची नावं चढवा. मुलींची सुद्धा. हिंदू वारसा कायद्यात वडिलांच्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. एक तर ती विक्रीपत्रावर सही करेल, नाहीतर हक्कसोडपत्र नोंदवून देईल.  प्रन्यासचा लीजचा प्लॉट असेल, तर लीज चालू आहे का, भूभाटक, म्हणजे जमिनीचं भाडं, भरलंय का ते पाहा आणि हस्तांतरणाची एनओसी मागून ठेवा. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या ले-आऊटमधला प्लॉट असेल तर आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र, पाहिजे. पुन्हा सांगतो, आरएल पाहिजे. ‘डिमांड भरली आहे’ म्हणजे आरएल झालं असं बरेच जण समजतात आणि बँकेत गेल्यावर अडकतात. डिमांडची पावती ही पैसे भरल्याची पावती आहे, नियमितीकरणाचं पत्र वेगळं येतं. कॅपिटल गेनचं, म्हणजे विक्रीतल्या नफ्यावरच्या कराचं, सीएला बयाण्याआधी विचारा, कारण करानंतर हातात काय उरतं ते कळल्याशिवाय खालचा आकडा ठरवणार कसा?

घेणाऱ्यांनी पहिली ऑफर द्यायच्या आधी आपला वरचा आकडा कागदावर लिहून घरी ठेवावा. ऑफर देताना नुसता आकडा फेकू नका. कारण सांगा, म्हणजे समोरच्याला ते लागत नाही. ‘वरचा मजला नकाशात नाही, बँक धरणार नाही, म्हणून एवढे.’ वाढवत जाताना पायरी लहान करत जा. 86 वरून 89, मग साडेनव्वद, मग 91. दर वेळी तीन-तीन लाख वाढवलेत, तर समोरचा थांबूनच राहील, आणखी तीन येतील म्हणून. ऑफर किती दिवसांची ते सांगा, सात किंवा दहा. आणि बयाणापत्रात ही ओळ हवीच: ठरलेल्या तारखेपर्यंत इतकं कर्ज मंजूर न झाल्यास बयाणा परत. ही ओळ नसेल, तर बयाणा बुडण्याची भीती डोक्यावर राहते, आणि त्या भीतीनं माणसं न परवडणारी वैयक्तिक कर्जं काढतात.

किंमत 50 लाख किंवा जास्त असेल, तर घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या आयकरापोटी 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. 91 लाखांवर 91 हजार. विकणाऱ्याला हे आधी सांगा, नाहीतर शेवटच्या दिवशी ‘पैसे कमी आले’ म्हणून कटकट होते. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरपत्रकाची किंमत यांत जी जास्त, तिच्यावर लागतं. नोंदणी शुल्क 1 टक्का, पण 30 हजारांपर्यंतच. राहतं घर फक्त बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे. सवलतीचं सोडा, मला विचाराल तर घर बाईच्याच नावे असावं. जन्मभर ते सांभाळते ती, आणि उद्या एकटी पडली तर तिला कोणाच्या दारात उभं राहावं लागू नये.

आणि घर पाहायला रविवारी सकाळी नऊला जाऊ नका हो! थंडीत नागपूरचं कुठलंही घर चांगलंच दिसतं. पश्चिमेची खोली दुपारी तीनला पाहा, शक्य असेल तर मे महिन्यात, कूलर बंद ठेवून. नाल्याकाठची वस्ती असेल, तर शेजाऱ्याला विचारा, 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे पूर आला तेव्हा इथे पाणी कुठवर आलं होतं? नाग नदीच्या काठची माणसं भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. अंगणभर पेव्हर ब्लॉक घातले असतील तर वाईट वाटतं मला. पाणी मुरायला एक वीत माती ठेवत नाही आपण, आणि उन्हाळ्यात बोअर आटला म्हणून रडतो.

राहिली यादी. पंखे, कूलर आणि त्याचं स्टँड, गिझर, आरओ, इन्व्हर्टर, बोअरची मोटर, गच्चीवरची टाकी. प्रत्येकापुढे ‘राहणार’ किंवा ‘नेणार’ लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. बंगई असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा.

ताब्याच्या दिवशी विजेच्या आणि नळाच्या मीटरचे फोटो दोघांनी मिळून काढा, घरटॅक्सची शेवटची पावती हातात घ्या, आणि किल्ल्या मोजून घ्या. मागच्या न्हाणीच्या दाराची किल्ली हमखास राहून जाते.

माझी वेळ संपली. नमस्कार.