साथीला बसलेलं मूल

(वसईत एका बालगायकवृंदाचे पालक आणि वादक मुलं यांच्यापुढे दिलेलं व्याख्यान, संपादित स्वरूपात.)

पालकहो, आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मुलांनो,

आपल्या गायकवृंदाच्या साथीला कोण बसणार, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे. नाताळचा कार्यक्रम झाल्यावर काही पालकांनी मला सुचवलं, की पुढच्या वर्षी वर्गणी काढू आणि मुंबईहून तयार वादक बोलावू. सूचना आपुलकीने केलेली होती. तरीही मी तिच्या विरोधात आहे. त्या बाकावर आपलंच मूल बसलं पाहिजे. बारा ते सोळा वर्षांचं, हात अजून तयार होत असलेलं, अधूनमधून चुकणारं.

नाताळला काय झालं ते आधी सांगते, कारण सूचना त्यातूनच आली. मोठ्या मुलींचं गाणं संपलं आणि लहान मुलं मंचावर आली. कीबोर्डवर तेरा वर्षांचा मुलगा बसला. आधीच्या गाण्यासाठी ट्रान्सपोजचं, म्हणजे बोटं न हलवता पट्टी बदलणारं, बटण तीन पट्ट्या वर चढवलेलं होतं, ते खाली घ्यायचं राहून गेलं. लहान मुलांचं गाणं पांढरी एकमध्ये, म्हणजे ‘सी’मध्ये, बसवलेलं. वाजायला लागलं काळी दोनमध्ये. मुलांनी सुरुवातीचे सूर ऐकले आणि विश्वासाने तीच पट्टी धरली. दुसऱ्या ओळीत चाल वरच्या रिषभावर जाते. आता तो सूर वरच्या पांढरी चारवर गेला. आठ वर्षांच्या मुलाला तिथे छातीच्या आवाजाने पोचायचं तर ओरडावंच लागतं. मानेच्या शिरा दिसायला लागल्या.

मी बाजूला उभी होते, मला त्याचे हात दिसत होते. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर त्याने उजवा हात उचलला. चाल वाजवणं बंद केलं, डाव्या हाताने फक्त खालचे सूर ठेवले, तेही अगदी हलके. वाद्य हलकं झालं तशी मुलंही हलकी झाली. ओरडणं थांबलं, आवाज बारीक पण गोड यायला लागला. कडवं संपलं. त्याने बटण शून्यावर आणलं, सुरुवातीचे चार ठोके मूळ पट्टीत पुन्हा वाजवले आणि समोरच्या ताईंकडे बघून मान हलवली. दुसरं कडवं जिथे हवं तिथे आलं.

ज्यांच्या लक्षात आलं त्यांना चूक दिसली. चूक झालीच होती, बटण तपासायला हवं होतं. पण ती सावरताना त्याने जे केलं, ते त्याला कुठल्याही परीक्षेच्या पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं. आपली बरीच मुलं एबीआरएसएमच्या नाहीतर ट्रिनिटीच्या, म्हणजे लंडनच्या संगीत परीक्षा मंडळांच्या, ग्रेड परीक्षा देतात. तयार केलेले तुकडे, स्केल्स, न बघितलेलं स्वरलेखन वाचणं, कानाची परीक्षा. मी स्वतः या परीक्षांसाठी मुलांची तयारी करून घेते आणि त्यांची किंमत जाणते. पण त्या तयारीत मूल वर्षभर एकटंच वाजवतं. अडखळलं तर मागे जातं आणि ओळ पुन्हा घेतं. साथीला बसलेल्या मुलाला मागे जाता येत नाही. तीस गळे पुढे निघालेले असतात.

‘साथ’ हा शब्द आपल्याकडे फार मानाचा आहे. गोविंदराव टेंबे तरुणपणी थोर गवई भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ करायचे. पुढे ते मोठे रचनाकार झाले, पण तो कान बुवांच्या मागे बसून तयार झालेला होता. तिकडे युरोपात जेराल्ड मूर यांनी आयुष्यभर गायकांना पियानोची साथ केली. १९६७ साली लंडनला त्यांचा निरोपाचा कार्यक्रम झाला, त्या काळातले मोठे गायक त्यांच्याबरोबर गाऊन गेले, आणि शेवटी मूर एकटेच पियानोवर बसले आणि शूबर्ट या संगीतकाराचं एक गाणं गायकाशिवाय वाजवलं. जन्मभर दुसऱ्यासाठी वाजवणाऱ्या माणसाला एकट्याने वाजवतानाही गाणंच वाजवावंसं वाटलं. मी हा प्रसंग मुलांना दर वर्षी सांगते.

मात्र पेटीची साथ आणि मुलांच्या गायकवृंदाला पियानोची साथ यांत फरक आहे. पेटी गवयाच्या मागून जाते, सावलीसारखी. मुलांच्या बाबतीत साथीदाराला अर्धं पाऊल पुढे राहावं लागतं. शिवाय पेटीत हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून आवाज विरायला लागतो. मुलांनी ओळीच्या शेवटी लांब सूर धरला की खाली पियानोचा सूर विझत जातो, आणि आधार गेला की मुलं खाली घसरतात. म्हणून तिथे डाव्या हाताने खालचा सूर हळूच पुन्हा द्यायचा, किंवा स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, एकेक सुराने वाजवायचा. पेडल दाबून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे, त्याने सगळे सूर एकमेकांत कालवले जातात आणि शब्द बुडतात. मराठी गाण्यात शब्द बुडला तर उरलं काय?

चाल वाजवायची की नाही, यावर मुलं मला नेहमी विचारतात. नवीन गाणं शिकवताना उजव्या हाताने चाल वाजवा. आपल्याकडे पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला सोडतात ना, तशी ती चाल आहे. पोरगं पाय मारायला लागलं की डबा सोडायचा. तिसऱ्या-चौथ्या तालमीला चाल काढून टाका आणि फक्त स्वरसमूह वाजवा. पहिल्या दिवशी गाणं डगमगेल, डगमगू द्या. कार्यक्रमापर्यंत डबा तसाच राहिला तर मुलं पियानो ऐकून गातात, एकमेकांना ऐकत नाहीत.

पट्टीचा प्रश्न मोठ्यांनी निर्माण केलेला आहे. शिकवणारा आपल्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो, आणि ती बहुधा मुलांना खाली पडते. मग मुलं पुटपुटतात आणि आपण म्हणतो, जोरात गा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा सुखाचा आवाका साधारण मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत. गाणं त्यात बसवून घ्यायचं. साथीदार मुलाने ट्रान्सपोजचं बटण न वापरता निदान तीन पट्ट्यांत तेच गाणं वाजवता आलं पाहिजे, हा माझा आग्रह आहे. बटणाने बोटं जिथल्या तिथे राहतात आणि कान झोपतो. आपल्या सरावाच्या खोलीतल्या जुन्या पियानोला बटण नाही, हे मी आपलं भाग्य समजते. समुद्राच्या हवेने पावसाळ्यात त्याचे फेल्ट फुगतात, पट्ट्या अडकतात, म्हणून आत छोटा बल्ब लावून ठेवावा लागतो. तेवढा त्रास घेण्यासारखा तो आहे.

कीबोर्डच्या तयार ठेक्यांबद्दलही स्पष्ट बोलते. बटण दाबलं की ड्रम, बास, गिटार सगळं सुरू होतं आणि मुलांना मजा वाटते. पण ते यंत्र कुणाच्या श्वासासाठी थांबत नाही. आपल्या गायकवृंदात पाच वर्षांची मुलंही आहेत, त्यांचा श्वास ओळीच्या आधीच संपतो. ओळ संपली की हात किंचित उचलायचा, मुलांबरोबर स्वतः श्वास घ्यायचा आणि मगच पुढचा ठोका द्यायचा. मी वादक मुलांना तालमीत तोंडाने गाणं म्हणत वाजवायला लावते, ते याच्यासाठी. जो स्वतः गात नाही त्याला दुसऱ्याचा श्वास कळत नाही.

आणि हे सगळं आपल्या मातीला परकं आहे असं कुणी समजू नये. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमध्ये मेस्त, म्हणजे संगीताचे गुरुजी, मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. त्याच परंपरेतून माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईच्या सिनेसंगीतात आले आणि त्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. मराठीत नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या, भजनाच्या वळणाची ख्रिस्ती गीतं लिहिली. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली, आणि वसईच्या चर्चमध्ये लॅटिनच्या जागी मराठी गाणी आली, पेटी-तबला आला. आज आपल्या गायकवृंदात कुपारी, वाडवळ, कोळी आणि इमारतींमधली सगळी मुलं एकत्र गातात, कुपारींच्या कादोडी बोलीतलं गाणंही गातात आणि भजनही. भजनाला पाश्चात्त्य स्वरसमूह कुठे लावायचे आणि कुठे नुसता षड्ज-पंचम ठेवायचा, हे बाहेरून येणारा वादक एका तालमीत ठरवणार. आपलं मूल ते आठ महिने कानाने शोधतं. भूप रागावरची चाल असली की ती पाच स्वरांपलीकडे जादा स्वर सहन करत नाही, हे मागच्या वर्षी एका चौदा वर्षांच्या मुलीने मला सांगितलं. तिने मध्यम-निषाद टाळून नवे स्वरसमूह लिहून आणले. ती वही माझ्याकडे आहे, कार्यक्रमानंतर ज्यांना बघायची त्यांनी बघा.

तयार वादकाचा मला अनादर नाही. त्यांना आपण जरूर बोलवू, वर्षातून दोनदा, वादक मुलांना शिकवायला. वर्गणी त्यासाठी काढू.

जूनपासूनची व्यवस्था सांगते. प्रत्येक गाण्याला दोन वादक मुलं असतील. एक वाजवेल, दुसरं शेजारी बसून पानं उलटेल आणि गाणं पाठ करेल. पुढच्या शनिवारी जागा बदलायच्या. पियानो भिंतीकडून काढून तिरका ठेवणार आहोत, म्हणजे वाजवणाऱ्याला ताईंचा हात आणि पहिल्या रांगेची तोंडं दोन्ही दिसतील. त्याला हलवायला सहा जण लागतात. या शनिवारी साडेचारला ज्या बाबांना शक्य आहे त्यांनी यावं. आणि तो तेरा वर्षांचा मुलगा नाताळपासून तालमीला आलेला नाही. त्याचे आईवडील इथे बसलेले आहेत. त्याला सांगा, पहिल्या गाण्याला त्याचंच नाव लिहिलेलं आहे.